नकाशांच्या पाठीवरचे अर्ज

भूगोलाच्या सरांच्या खोलीतलं ते भांडण खळमावशीनं ऐकलं, त्याला पंधरा वर्षं होऊन गेली. दार अर्धवट उघडं, आणि ती बाहेर शेगडीवर खळीचं पातेलं ढवळत बसलेली. एक लंबूटांग मुलगी म्हणत होती, "सर, अर्ज मी तुमच्या हातात दिला होता."

"माझ्याकडे आलाच नाही. नीट आठव."

मुलगी पाय आपटत निघून गेली. मावशीला वाटलं, आजकालच्या पोरी, स्वतः हरवतात आणि बोल लावतात मास्तरांना. तेवढ्यात खळीत गुठळी झाली, तर तिचंही खापर तिनं त्या पोरीवरच फोडलं.

फाटक्या नकाशांना खळीनं पाठ लावायचं काम तिचं, म्हणून सगळे तिला खळमावशीच म्हणत. नकाशा टेबलावर पालथा घालायचा, खळ फासायची, त्यावर जाड कागद, त्यावर कापड. बुडबुडा राहिला तर तिला जेवण जात नसे. कागद सर स्वतः द्यायचे, रद्दीतला, गठ्ठेच्या गठ्ठे. मावशीची शाळा दुसरीतच सुटलेली. कागद जाड आहे ना, एवढंच ती बघायची. शिवाय महिनाअखेरीला भूगोल परिषदेच्या कचेरीत विभागाचं टपाल द्यायचं आणि टपालवहीत शिक्का घेऊन यायचं, हेही तिच्याकडेच.

आता तिची भाची कॉलेजच्या याच विभागात शेवटच्या वर्षाला होती. परिषदेची विद्यार्थी सभासद व्हायचं तिनं मनावर घेतलं होतं. जमीनमोजणीच्या शिबिराला फक्त सभासदांना नेत, आणि तिथूनच मोजणी खात्यात माणसं उचलत. पोरीला त्याशिवाय दुसरं काही नको होतं. अर्ज सरांच्या हातून जायचा. तिनं दोनदा दिला, दोनदा सर म्हणाले, मिळालाच नाही.

"नीट दिला होतास ना गं?" मावशीनं विचारलं.

"आत्या, आता तूसुद्धा?"

मग एके दिवशी वरच्या मजल्यावर कुणी नळ उघडा टाकला आणि नकाशाखोलीत पाणी उतरलं. आत्या-भाची भिजलेले नकाशे पसरत होत्या. एका नकाशाचं कापड सुटून आलं, त्यासोबत मागचा कागदही. भाची तो वाचत राहिली.

"आत्या, हा माझा अर्ज आहे."

दुसरा नकाशा सोडवला, तिसरा सोडवला. सगळे मुलींचे. एकावर त्या लंबूटांगीचा फोटोसुद्धा. मुलांचा एकही नाही. मुलांचे मावशीनंच दर वर्षी कचेरीत पोचवले होते.

मावशी ओला कागद घेऊन तशीच सरांच्या खोलीत शिरली.

"बसा मावशी," सर म्हणाले. "अहो, मुली लग्न करून जातात. सभासदाची जागा फुकट. कागद निदान कामी तरी आला."

"माझ्या हातानं चिकटवलात."

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं?"

"कळत नव्हतं, म्हणून तर मला दिलेत. आता हिच्या अर्जावर सही करा."

"रद्दीवर मी सही करत नाही."

मावशीच्या अंगाची लाही लाही झाली. सरांपेक्षा तिला स्वतःच्या हातांचाच जास्त राग आला. इतकं पक्कं कशाला चिकटवलं होतं मेलं. चार दिवस ती कोमट पाणी आणि स्पंज घेऊन एकेक पाठ सोडवत बसली, नकाशाला ओरखडा न काढता. तेवीस अर्ज निघाले. कुठला कुठल्या नकाशामागे होता, ते भाचीनं एका चिठ्ठीत लिहून काढलं आणि ती गठ्ठ्याला जोडली.

महिनाअखेर आली. मावशीच्या नोकरीचाही तो शेवटचा दिवस, आणि अर्जांच्या मुदतीचाही. तिनं टपालाची पिशवी खांद्याला लावली आणि नेहमीच्या वाटेनं कचेरी गाठली.

कारकुनानं अर्जांचा गठ्ठा चाळला. "मावशी, यांवर सरांची सही नाही."

"नाहीच. का नाही, ते चिठ्ठीत लिहिलंय. चिटणिसांना वाचू दे. तुम्ही मोजून घ्या."

"माझ्या अंगाशी येईल हो."

"तुमचं काम घ्यायचं, माझं द्यायचं."

त्यानं मोजले. तेवीस. मावशीनं टपालवही पुढे सरकवून शिक्का मारून घेतला, त्यावरची तारीख नीट उठली का ते डोळ्यांजवळ धरून पाहिलं, शाई वाळेपर्यंत फुंकर घातली आणि वही पिशवीत टाकून परत निघाली.