गाणाऱ्यांच्या नावांचा रकाना

वनस्पतिशास्त्राच्या पदवीधर मुलीने पारध्यांच्या वाङ्मयाचा इतिहास लिहावा, हे सोलापुरातल्या आमच्या प्राध्यापकांना हास्यास्पद वाटले. "लिपी नाही तिथे इतिहास कसला?" ते म्हणाले. मी पुराव्यानेच उत्तर द्यायचे ठरवले. वाळवलेल्या वनस्पतीला चिठ्ठी लावतात, तशी प्रत्येक गाण्यासमोर उजव्या रकान्यात नोंद केली: कोणी गायले, कोणाकडून शिकले, तेव्हा मुक्कामाचे पाल कोठे ठोकलेले होते, कोणत्या आठवड्यात.

इंग्रजांनी पारध्यांना जन्मजात गुन्हेगार ठरवून डांबलेल्या सेटलमेंटचे तारेचे कुंपण तुटून वीसेक वर्षे झाली होती. तेथली एक वृद्धा आणि तिचा धाकटा मुलगा मला गाणी सांगत. वही भरत आली, आणि एका दुपारी हवालदार दारात उभा राहिला. होटगीला चोरी झाली होती.

"बाई, त्या लोकांची सगळी नोंद तुमच्याकडं हाय म्हणं. सायबांनी वही मागितलीया. उद्या सकाळी घेऊन या."

तो गेल्यावर मी पाने चाळली. शिकारीचे गाणे, गायक धाकटा मुलगा, पाल होटगीच्या माळावर, पोळ्याचा आठवडा. चोरी त्याच आठवड्यातली. मी तशीच सेटलमेंट गाठली.

वृद्धेने सगळे ऐकून घेतले.

"कुंपण हुतं तवा रोज हजेरी द्यायचो आमी. कोन कुटं गेला, समदं लिवायचे. तुमी बी त्येच लिवलं की, बाई."

"आजी, मी गाण्यासाठी लिहिलं."

"गान्याला काय करायचंय त्येचं? गानं समद्यांचं हाय. पोरगं माझं हाय."

घरी येऊन मी पानापानाचा उजवा रकाना कापला. त्या पट्ट्यांशिवाय माझा इतिहास कोणी मानणार नाही, हे कळत होते. पट्ट्या चुलीत घातल्या.

सकाळी चौकीत साहेबांनी वहीच्या कापलेल्या कडेवरून सावकाश बोट फिरवले.

"शास्त्र शिकलेल्या तुम्ही. कोण गायलं, ते लिहिलंच नाही?"

"लिहिलं होतं. नोंदी सदोष होत्या, काढून टाकल्या."

"मग तोंडपाठ तरी असतील की."

होत्या. सगळ्या, क्रमाने.

"नाहीत," मी म्हणाले. साहेबांनी वही मिटली, पण परत दिली नाही.