गुलाबी गोंड्याची किल्ली

विठाबाईच्या तोंडाला चामराजपेटेतली ती अख्खी कानडी शाळा भ्यायची. लग्न होऊन निपाणीहून आलेली, नवरा गेल्यावर शाळेत आया म्हणून लागली, आणि तेव्हापासून घंटा, पाणी आणि खोल्यांच्या किल्ल्यांवर तिचं राज्य. मुलगा दयानंद तिथेच नववीत, फी माफ. त्या माफीपायी ती मुख्याध्यापक मल्लाप्पा सरांपुढे मान खाली घालायची आणि सगळा राग पोरांवर काढायची. कुणी रडत आला की तिचं उत्तर ठरलेलं. "मार खाल्ल्याशिवाय माणूस घडत नाही. पळ!"

म्हणून दहावीतल्या नीलिमाने ऑफिसबाहेर बिस्किटाचा पत्र्याचा डबा टांगला तेव्हा बाईचं डोकंच फिरलं. राज्यात नवा शिक्षण कायदा लागू होऊन वर्ष झालं होतं. विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्याला छळणं हा त्यात गुन्हा होता. हे वाचून नीलिमा चार मैत्रिणींना घेऊन हात धुऊन सरांच्या मागे लागली आणि तिने परवानगी काढली. ज्याला त्रास होतो त्याने चिठ्ठी टाकायची, सही नको. दर शनिवारी डबा सरांसमोर उघडायचा.

"चुगल्यांचा डबा!" विठाबाई येताजाता करवादायची.

"अक्का, तुम्ही स्वल्प गप्प बसा. आता कायदा आहे," नीलिमा म्हणायची.

"मेला तुझा कायदा. आमच्या वेळी छडीनंच शहाणी झाली माणसं."

तिसऱ्या शनिवारी चिठ्ठी निघाली ती मराठीत. मल्लाप्पा सरांना मराठी येत नव्हती. हिंदीच्या सरांना अक्षरं लागली, अर्थ लागेना. शेवटी विठाबाईला हाक गेली. निपाणीला मराठी चौथी झालेली बाई ऐटीत वाचायला लागली.

'जेवणाच्या सुट्टीत तो मला खेळाच्या सामानाच्या खोलीत कोंडतो. पट्ट्याने मारतो. नाव लिहिलं तर आणखी मारेल.'

खाली एक ओळ उरली होती. 'त्याच्याकडे खोलीची किल्ली असते, तिला गुलाबी लोकरीचा गोंडा आहे.'

तो गोंडा तिनेच विणला होता. किल्ल्या घरी खिळ्याला असायच्या, सामानाच्या खोलीची दुसरी किल्लीही तिथेच. बाईने त्या ओळीवर अंगठा ठेवला.

"एवढंच आहे," ती म्हणाली.

"नाव नाही, पुरावा नाही," मल्लाप्पा सरांनी सुस्कारा सोडला आणि कागद घडी करून ठेवला. नीलिमाचे डोळे भरून आले. विठाबाईला त्या पोरीचा इतका राग आला की तिथेच कानाखाली द्यावी. राग खरा आपल्यावरच आहे हे तिला कळत होतं, म्हणून तर तो जास्त होता.

घरी जाऊन तिने दयानंदला लाटण्याने झोडपलं. पोरगं हू की चू न करता मार खात राहिलं आणि मग थंडपणे म्हणालं, "तूच म्हणतेस ना, मार खाल्ल्याशिवाय माणूस घडत नाही? मी त्या पुण्याहून आलेल्या शार्दूलला घडवतोय."

तिने लाटणं खाली ठेवलं. त्या आठवड्यात ती कुणावर खेकसली नाही, आणि शाळेला ते विचित्रच वाटलं.

पुढच्या शनिवारी नीलिमाने डबा उलटा केला तेव्हा चिठ्ठी नाही, किल्ली टेबलावर आदळली. गुलाबी गोंड्याची.

"ही कुणाची?" मल्लाप्पा सरांनी विचारलं.

"माझी. मीच टाकली," दारातून विठाबाई म्हणाली. "चिठ्ठीतली एक ओळ मी गिळली होती. किल्ली माझा दयानंद नेतो."

"फीमाफी जाईल, अक्का. कदाचित त्याचं नावही शाळेतून काढावं लागेल."

"ठाऊक आहे." तिचा आवाज नेहमीसारखाच खरखरीत होता. "नीलिमा, लिही. दोन नावं लिही. मारणारा दयानंद, आणि त्याला शिकवणारी मी."