शाकारलेली होडी

"भोकात कोळिष्टक हाय अजून. पानी आलं असतं तर टिकलं असतं काय ते?"

बाबा अंगणात म्हाताऱ्या सुताराला सांगत होते. मी स्वयंपाकघराच्या खिडकीआड तांदूळ निवडत बसले होते. माझे हात सुपातच थांबले.

दोन दिवसांपासून आमच्या होडीतून कुबट वास येत होता, म्हणून बाबांनी सुताराला खाडीपलीकडून, कळव्याहून बोलावून आणलं होतं. ठाण्याच्या खाडीकाठी आमच्या गावात पावसाळ्याआधी होड्या ओढून वर घेतात, ओंडक्यांवर टेकवतात आणि वर बांबूचा सांगाडा करून पेंढा आणि झावळ्यांनी शाकारतात. खाऱ्या पाण्याची लाकडाला भीती नाही. भीती पावसाच्या गोड्या पाण्याची. ते होडीत महिनाभर साचून राहिलं तर फळ्या आतून खाऊन टाकतं. म्हणून होडीच्या मागच्या बाजूला तळाशी एक भोक असतं. पावसाळ्यात त्याचं बूच काढून ठेवतात, म्हणजे चुकून आत गेलेलं पाणी वाहून जातं. आमचं बूच घरात सायबिणीच्या, म्हणजे मरियम मातेच्या, तसबिरीखाली खिळ्याला टांगलेलं असे. येता-जाता बाबा त्याला हात लावत.

भात आम्हाला खायला पुरे. बाकी सगळं होडीवर. ती मिठागरातलं मीठ ठाण्याच्या बंदरावर नेई आणि येताना घराला लागेल ते आणी. दोन वर्षांपूर्वी शेजारच्यांची होडी अशीच गेली. बाहेरून चांगली दिसत होती. पाऊस संपल्यावर पेंढा काढला तर पुढच्या फळीत बोट शिरलं, पिकलेल्या पपईत शिरावं तसं. नाताळपर्यंत ती त्यांच्या चुलीत जळत होती. शेजारी मग रेल्वेच्या रुळांवर खडी टाकायला जाऊ लागले. ते समोरून आले की बाबा उगाच आभाळाकडे बघत.

मी यंदाच्याच उन्हाळ्यात मुंबईहून, मदरांच्या शाळेतून, कायमची घरी आले होते. तिथे मराठी बोललं की शिक्षा होई आणि घरी इंग्रजी शब्द तोंडातून निसटला की हसू. काकी मला मडम म्हणायची. जेवताना मी काही बोलले की ती म्हणे, "आयका, मडम काय बोलते ती." त्यामुळे मी बोलणं कमी केलं होतं. बघणं मात्र वाढलं होतं.

खिडकीतून होडीचं पुढचं टोक, म्हणजे नाळ, समोरच दिसे. कालपासून उघडीप होती. अंगणातला चिखलही वरून सुकला होता. आणि त्याच सकाळी मी पाहिलं होतं, की नाळेजवळच्या झावळ्यांच्या फटीतून दोन चिमण्या बाहेर आल्या, बांबूवर बसल्या आणि त्यांनी पंख झटकले. थेंब उडाले. मला ते थेंब स्पष्ट दिसले होते. तेव्हा नुसती गंमत वाटली. आता बाबांचं कोळिष्टक कानावर पडलं आणि डोक्यात दोन्ही गोष्टी एकमेकींवर आपटल्या.

कोळिष्टक शाबूत होतं याचा अर्थ पाणी आत आलं नाही, असा नव्हता. पाणी बाहेर गेलं नाही, एवढाच होता.

मी सूप खाली ठेवलं आणि डोळा खिडकीच्या आडव्या लाकडाच्या रेषेत नेऊन होडीकडे पाहिलं. नाळ खाली होती. मागची बाजू वीतभर तरी वर. दरवर्षी होडी काठावरच्या सपाट जागेत असे. यंदा उधाणाने तो काठ खाल्ला, म्हणून तिला आमच्या अंगणात आणली, आणि अंगण वाटेच्या दिशेने उतरतं. वाटेच्या तोंडाशी क्रूस आहे. आमच्याकडे शाकारलेल्या होडीची नाळ क्रुसाकडेच हवी. क्रुसाकडे पाठ करून होडी ठेवली तर ती परत पाण्यात उतरताना रुसते, असं मानतात. बाबांनी दहा माणसं लावून तिला नीट क्रुसाकडे वळवली होती. सगळे समाधानाने घरी गेले होते. ती उताराकडे तोंड करून बसली आहे, हे कुणाला दिसणार? ती बरोबर जागी होती ना.

आणि पाद्रींनी पवित्र पाणी शिंपडून दोऱ्या बांधल्या की मोसम संपेपर्यंत कुणी आत डोकावत नाही. होडी झोपलेली असते. झोपलेल्याच्या तोंडावरचं पांघरूण काढायचं नाही.

सांगायला लाज वाटते, पण मला आनंद झाला. आमची होडी कदाचित कुजत होती आणि मला धावत सुटावंसं वाटत होतं. अवघड गणिताचं उत्तर पाटीवर उतरायच्या आधीच डोक्यात चमकावं, तसं झालं होतं.

मी मागच्या दाराने निघाले. विहिरीवरून काकीने विचारलं, कुठे? कोंबड्या बघायला, असं सांगून मी होडीच्या पलीकडे गेले, लुगडं वर खोचलं आणि नाळेपाशी झावळ्यांखाली शिरले. आत अंधार होता, उबारा होता, पेंढ्याचा आंबूस वास होता. ओंडक्यावर चढून मी बांबूंच्या मधून हात आत सोडला. काहीच लागेना. अजून वाकले. मग बोटं गार पाण्यात बुडाली. मनगट बुडालं, कोपर बुडालं, तरी तळ लागला नाही. हात बाहेर काढून मी जिभेला लावला. गोडं पाणी. खारटपणाचा मागमूस नाही. तिथे एकटीच, तोंडावर पदर दाबून मी हसले.

मग भीती वाटली. पुन्हा हात घातला आणि पाण्याखालच्या कडेच्या फळीत नख रोवून पाहिलं. एकदा, दोनदा, सगळा जोर लावून. नख दुमडलं. फळी टणक होती. कुजत होता तो आत पडलेला पेंढा. होडी अजून शाबूत होती.

बाहेर आले तेव्हा सुतार हत्यारांची पिशवी खांद्याला लावत होता. बाबांनी ठरवूनच टाकलं होतं की पेंढ्यात उंदीर मेला असेल, आणि होडी उघडल्यावर काय ते बघू. उघडायला अजून पुरता महिना होता. पारसिकच्या डोंगरावर आभाळ पुन्हा काळं होऊ लागलं होतं. माझी नेहमीची रीत अशी, की आईला सांगायचं आणि आईने बाबांना. पण आई शेतावर होती, ती संध्याकाळी येणार. तोवर सुतार खाडीपार गेलेला असणार.

काकी हंडा घेऊन आली आणि मला बघून थबकली. "मडमनं कोंबड्यांसंगं लोळण घेतली वाटतं," ती म्हणाली. सुतार हसला. माझ्या केसांत पेंढा होता, एक बाही खांद्यापर्यंत भिजलेली होती. बाबा हसले नाहीत. त्यांनी माझ्या बाहीकडे पाहिलं, मग नाळेपाशी सरकलेल्या झावळीकडे. त्यांचा चेहरा कठोर झाला.

माझ्या डोक्यात वाक्यं आली, तीही आधी इंग्रजीत. बाबा, तुम्ही होडी चुकीची ठेवलीत, हे परक्या माणसासमोर बोलायचं कसं? आणि मी ते बोलले असते तर त्यांनी एकच अर्थ काढला असता, की मुलगी शाळेतून येऊन क्रुसाकडे पाठ फिरवायला सांगते आहे. मग होडी कुजली असती तरी त्यांनी ती हलवली नसती. हे कळलं आणि त्याच क्षणी काय बोलायचं तेही कळलं. ओला हात मी त्यांच्यापुढे धरला.

"आत कोपरभर गोडं पाणी आहे, बाबा. नाळ क्रुसाकडेच राहू द्या, फक्त खाली ओंडके सारून ती वर उचला."