काकवीची तार

केक ओव्हनमधून निघाला की काम संपलं असं आपल्याला वाटतं. खालांचं तिथून सुरू व्हायचं. ओटा धुऊन झाला की त्या डोळे मिटून या टोकापासून त्या टोकापर्यंत तळहात फिरवायच्या, तापलेल्या लेकराच्या अंगावरून फिरवावा तसा. कुठे हात अडला की पुन्हा फडकं. "डोळं फसत्यात गं. हात फसत न्हाई," म्हणायच्या.

कुपवाडला त्या आमच्या शेजारी राहायच्या; सगळी गल्ली त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणायची. वडूजला नवऱ्याची बेकरी होती. ते गेल्यावर खाला एक छोटा ओव्हन घेऊन मुलाकडे आल्या. गल्लीतल्या वाढदिवसांचे केक त्याच करायच्या, आणि त्यांचा काकवीचा केक कारखान्यात जाणारी माणसं डब्यात घालून न्यायची. कॉलेजातून आले की मी त्यांच्या हाताखाली उभी राहायचे. मला बोलणं जमायचं नाही. "विंग्रजी शाळंत घातली आन पोरीच्या तोंडाला कुलूप लावलं बघ," असं त्या सुनेला, रुबीनाभाभीला, सांगून हसायच्या.

पसारा काढायचे त्यांचे नियम होते. अंड्याला गार पाणी. भांड्याला चिकटलेल्या पिठाला पाणी दाखवायचंच नाही, कोरडं पीठ चोळून ते सुटं करायचं. वाळलेल्या पाकावर मी एकदा सुरी चालवली, तर त्यांनी ती काढूनच घेतली. "साखरंशी भांडू नगंस. कडत पाण्याचं फडकं ठेव तिच्यावर आन गप बस. आपसूक सुटंल." गप बसणं मला येत होतं.

काकवी त्या कॅनमधून थेट ओतायच्या आणि पुरेशी झाली की कॅनच्या तोंडाशी बोट फिरवून तार तोडायच्या. एक थेंब बाहेर नाही. गेल्या वर्षी ती तार तुटेनाशी झाली. बोट फिरायचं, कॅन खाली ठेवला जायचा, आणि काकवी कॅनच्या अंगावरून ओट्यावर, तिथून ड्रॉवरच्या मुठीवर, मुठीवरून फरशीवर उतरत राहायची. मग खाला डोळे मिटून हात फिरवायच्या, थेट त्या ओघळावरून. "झक्क झालं." एकदा गरम ट्रेने त्यांची दोन बोटं भाजली. फोड मी दाखवले तेव्हा त्यांना कळलं. मधुमेहाने बोटं बधिर होत चालली होती. "कुणाला सांगू नगंस," एवढंच म्हणाल्या.

भाभीचं बाळ तेव्हा रांगायला लागलं होतं. एकदा त्याच्या मांडीवर लाल मुंग्यांचे चावे दिसले. "अम्मी, पुन्हा मुंग्या झाल्या तर हा ओव्हन घरात राहणार नाही," भाभी म्हणाली. तिचं चुकत नव्हतं. पण ओव्हन गेल्यावर खाला दिवसभर काय करणार, हे मला डोळ्यांसमोर आणता येत नव्हतं.

म्हणून खाला दुपारच्या नमाजाला बसल्या की मी स्वयंपाकघरात शिरायचे. मुठी, ड्रॉवरच्या फटी, कॅनचं बूड, गुडघ्यांवर बसून फरशी. पाक सुटायला वेळ लागतो आणि वेळच नसायचा. मी नखांनी खरवडायचे. कान सगळे आतल्या खोलीकडे. खाला परत येऊन ओट्यावर हात फिरवायच्या आणि खूश व्हायच्या. चार महिने असं चाललं.

मग माझ्या प्रॅक्टिकल परीक्षा आल्या. तीन दिवस मी गेले नाही. चौथ्या दिवशी गेले तर बाळाची पापणी सुजून डोळा बंद झाला होता आणि भाभी त्याला घेऊन रडत होती.

"मी पुसलंय," खाला ओट्याशी उभ्या राहून सांगत होत्या. "दोनदा पुसलंय. ही आली बघ. बाय, तू हात लाव. तू सांग."

मी हात लावला. तो चिकटला.

पुसलंय असं म्हणता आलं असतं. बाळ भाभीच्या खांद्यावर हुंदके देत होतं.

"चिकट आहे, खाला."

"आजच?"

मी मान आडवी हलवली.

"मग इतकं दिस पुसत कोण हुतं?"

मी नखं मुठीत लपवली. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त पदराने तोंड पुसलं. मग वळून भिंतीवरचं ओव्हनचं बटण शोधलं, बंद केलं. प्लगवरून बोटं दोनदा, तीनदा घसरली.

"रुबीना, प्लग काढ गं. मला गावंना."

इतके दिवस तेच मागणारी भाभी बाळाला घट्ट धरून जागची हलली नाही.

शेवटी तो मी काढला.