मृणालच्या पुस्तकात मी नाही

किस्से आपण काही जमा करत नाही. क्लासच्या दाराबाहेर चपला साचतात तसे ते साचतात, कोण कधी काढून गेलं पत्ता लागत नाही. आमच्या टोळीचे तर वीस वर्षं साचूनच होते. मग मृणालनं कादंबरी लिहिली, अन् सगळे एकदम पायात आले!

टोळी म्हणजे चौघं. मृणाल, बंटी, श्वेता अन् मी. अकरावी-बारावीत शंकर नगरले एका सरांकडे मॅथ्सच्या क्लासले सोबत होतो. कादंबरी त्याच वयाच्या पोट्टे-पोट्ट्यांची. कोणाले कोण आवडते, कोण काय लपवून राहिलं, हेच सगळं. नावं बदललेली. पण नावं बदलून काय होते? पहिल्या दिवसापासून आम्हा तिघांचा एकच प्रश्न, "यातला मी कोणता?"

बंटी सापडला. श्वेता सापडली. मी तीनदा वाचली, मी कुठंच नाही! अन् मले क्लासच्या दिवसांत मृणाल आवडत होती, म्हणून ते जरा जास्तच लागलं.

*

बंटीचं तात्यापाऱ्यात टाइल्सचं दुकान आहे. बारावीनंतर त्यानं पुस्तक म्हणून हातात धरलं नव्हतं. मृणालच्या मात्र सात कॉपी घेतल्या, काउंटरवर मांडल्या, अन् बाथरूमची टाइल बघायले आलेल्या माणसाले सांगू लागला, "हीरो मैं हूँ भैया, पढ़ो पढ़ो!"

हीरो तन्मय. गिटार वाजवतो, सगळ्या पोट्ट्या फिदा. पण पुढं एका पानावर हा तन्मय बुटात पेपर कोंबतो. काहून, तर त्याले आवडणारी पोट्टी त्याच्याहून दोन बोटं उंच. (आमच्यात श्वेता बंटीहून दोन बोटं उंच. आजही आहे.) बंटीनं तिथंच पुस्तक मिटलं अन् मृणालले फोन लावला.

"मी जिंदगीत कधी बुटात पेपर नाही घातला!"

"मग तन्मय तू नाही," मृणाल म्हणाली.

बंटी आवाज खाली करून म्हणाला, "एकच घालत होतो. तो बी इतवारचा!"

*

श्वेताची पोरगी इरा आता दहावीत आहे. मराठी सगळी समजते, उत्तर हिंदीत. तिनं कादंबरी दोन दिवसांत संपवली.

त्यात एक टॉपर पोट्टी आहे. कोणाशी जास्त बोलत नाही, घमेंडी वाटते. पण एक मार्क कमी पडला की बाथरूममध्ये जाऊन नळ सोडते अन् रडते. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून नळ!

इरा ओरडतच किचनमध्ये गेली, "मम्मी, ये तो आप हो!"

"काही बी! मी कधी रडली?"

"तो नल रोज़ अपने आप चलता है क्या?"

त्या दिवसापासून नळाचा आवाज जास्त वेळ आला की इरा दार वाजवते. म्हणते, "मम्मी, पानी बचाओ, बाहर आके रो लो!"

श्वेता हे सांगताना हसून राहिली होती. आम्हीही हसलो. पण मले घरी आल्यावर कसंतरीच वाटलं. दोन वर्षं मी तिच्यासोबत क्लासले होतो अन् दोन वर्षं तिले घमेंडीच समजत राहिलो.

*

आता माझं. माझ्या बायकोनं कादंबरी वाचली, चष्मा काढला, अन् विचारलं, "तुम्ही खरंच होते ना ह्यांच्यात?"

होतो ना! पण माझी एक गोष्ट होती, जी मी बायकोलेही फार उशिरा सांगितली.

बाकीचे तिघं शंकर नगरचे. माझे बाबा गावाबाहेर, उरला म्हणून कारखान्यांचा भाग आहे, तिथल्या एका लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये होते. आमच्या दोन खोल्या मिलच्या मागं, दोरीवर पांढरा शर्ट टाकला तर वाळेपर्यंत काळा व्हायचा. क्लासमध्ये मी सांगून ठेवलं होतं, आपलं घर इथंच, निळ्या गेटचं. क्लास सुटला की चौघं सोबत निघत होतो. निळं गेट आलं की मी "चलो, बाय!" म्हणून झोकात आत. जास्वंदीच्या मागं उभा राहायचो. हे तिघं वळले की बाहेर, टेम्पो पकडायचा, थेट उरल्याले! घर कोणाचं हे मले माहीत नव्हतं. आतून कधी कोणी "कोण आहे?" म्हणून विचारलंही नाही.

एकदा बंटी म्हणाला, "आज तुझ्या घरी पाणी पितो."

म्हटलं, "आई झोपली आहे."

"अबे, तुझी आई उठते कधी?"

आता हसू येते. तेव्हा येत नव्हतं. मृणालले मनातलं बोललो नाही, तेही याच्यामुळंच. ती हो म्हटली असती, तर एक दिवस घरी आली असती. कोणत्या घरी आणली असती मी तिले?

*

मागच्या इतवारी सरांनी चौघांले पोहे खायले बोलावलं. सरांनी सगळी कादंबरी वाचली होती, तीही पेन्सिल हातात घेऊन.

"माझ्या क्लासमध्ये प्रेम?" सर म्हणाले. "मुलं इकडे, मुली तिकडे बसवत होतो मी! मले कसं दिसलं नाही?"

काकू पोहे वाढता वाढता म्हणाल्या, "तुमचं तोंड फळ्याकडे होतं ना."

सर थोडे खजील झाले, मग मृणालकडे वळले. "अन् तू! घर दोन मिनिटांवर, अन् रोज पाच मिनिटं लेट! दोन वर्षांत एक दिवस टायमावर नाही आली. किती ओरडलो मी! ते काहून नाही लिहिलं?"

"राहिलं, सर," मृणाल म्हणाली अन् अजून पोहे मागून घेतले.

*

तिथून निघालो. बंटी-श्वेता आपापल्या गाडीवर गेले, मी अन् मृणाल पायी, त्याच जुन्या रस्त्यानं. शेवटी मी विचारलंच, "मी पुस्तकात काहून नाही?"

"त्या दोघांनी आपापलं मले सांगितलं होतं कधीतरी. आता भलेही नाही म्हणून राहिले," ती म्हणाली. "तू तुझं कधी सांगितलंच नाही. न सांगितलेलं कसं लिहू?"

"माझं काय?"

ती थांबली. समोर निळं गेट. अजूनही निळंच!

"हे माझ्या आत्याचं घर आहे," मृणाल म्हणाली.

म्हणजे पहिल्या दिवसापासून हिले माहीत! अख्ख्या शंकर नगरात मले हेच गेट सापडावं!

"बोलली काहून नाही तेव्हा?"

"काय बोलू? तू एवढ्या झोकात बाय करत होता."

मी हसलो, दुसरं काय करणार! म्हटलं, "नशीब माझं, तुझी आत्या भोळी होती. गेट सताड उघडं टाकायची."

"आत्या? आत्या ऑफिसातून सात वाजता येत होती. सकाळपासून गेटले कुलूप. एक किल्ली आमच्या घरी राहायची."

"कुलूप? मी तर रोज..."

"हव," मृणाल म्हणाली. "फार जाम होतं ते. उघडायले पाच मिनिटं लागत होते."