समोरच्या भिंतीवरचा उजेड

मी आर्किटेक्ट आहे असं मी सांगतो. नातेवाईक मला बाथरूमवाला म्हणतात, आणि त्यांचं काही चुकत नाही. पंचवीस वर्षं मी लोकांच्या मोऱ्यांना उतार काढून दिले, जिन्याखाली संडास बसवले. त्यामुळे प्रार्थनागृहाचं काम मिळालं तेव्हा माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

कल्पना साधी होती. खिडक्या नाहीत. छताला एक अरुंद फट, आणि सकाळच्या प्रार्थनेला समोरच्या कोऱ्या भिंतीवर उजेडाचा उभा पट्टा. हे सगळ्यात आधी आईला सांगितलं. तिची नजर हळूहळू जात होती. डॉक्टरांनी फार तर दोन वर्षं दिली होती.

"तोवर होईल ना रे? मला बघायचंय," ती म्हणाली.

"वर्षभरात," मी ठोकून दिलं.

मग मी फटीच्या मागे लागलो. पुठ्ठ्याचं मॉडेल जेवणाच्या टेबलावर मांडून टॉर्चचा सूर्य फिरवत बसायचो, आणि आई ताट मांडीवर घेऊन जेवायची. फट दोन इंच सरकली की नवा नकाशा, नवी मंजुरी. असे नऊ नकाशे झाले. वर्षाची अडीच वर्षं झाली. आई मधूनमधून विचारायची, "कुठवर आलं?" मी म्हणायचो, घाईचं काम नाही हे.

मिस्त्रीने एकदा अडवलं होतं. "साहेब, सूर्य जरा अलीकडून उगवतो. मी रोज बघतो." मी त्याला नकाशावरचा उत्तरेचा बाण दाखवला. सकाळी नऊच्या आत मी साइटवर कधी फिरकलो नव्हतो, पण बाण माझा होता.

उद्‌घाटनाच्या सकाळी प्रार्थना सुरू झाली आणि पट्टा उतरला. समोरची भिंत काळीकुट्ट राहिली. बाजूच्या दाराजवळचं चपलांचं उघडं कपाट मात्र उजळून निघालं.

मिस्त्री कानाशी आला. "दिशा मोजलीत तेव्हा होकायंत्र सळयांच्या ढिगावर ठेवलं होतंत. लोखंडाने काटा फिरतो, साहेब." हे कॉलेजात पहिल्या वर्षाला शिकवतात. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

प्रार्थना संपल्यावर आईला हात धरून दाराशी आणलं. तिचा चेहरा फुलला होता.

"सुंदर झालाय रे पट्टा. समोरच्या भिंतीवर, अगदी सरळ. तू म्हणाला होतास तसाच."

मी तिच्या डोळ्यांकडे बघत राहिलो. कपाटातून चपला काढून तिच्या पायांपुढे ठेवल्या. तिने पाय घातले आणि थांबली.

"गरम कशा लागतायत?"

तिने हात पुढे करून कपाटाच्या फळीवर ठेवला.

"इथं पडलाय होय," ती म्हणाली.

"हो. चुकलो मी." मग धीर करून विचारलं, "आई, तुला कधीपासून दिसत नाही?"

तिने माझ्या दंडाला धरून पायरी चाचपली.

"सहाव्या नकाशापर्यंत दिसत होतं," ती म्हणाली.