डिस्क दिसेना

हुमनाबादच्या आमच्या फोटो स्टुडिओत डिस्क कमी बिघडतात, माणसंच जास्त बिघडवतात. त्यामुळं किस्से साचत जातात. डिलीटही होत नाहीत.

आधी एवढं सांगतो. आमचे मालक अप्पा हंगामातली सगळी लग्नं एकाच काळ्या एक्स्टर्नल डिस्कवर ठेवतात. दुसरी कॉपी नाही. ती डिस्क कम्प्युटरला दिसली नाही तर लग्नं गेली, आणि लग्नं काही परत लावता येत नाहीत. डिप्लोमा अर्धा सोडलेल्या मला हे कळतं. चाळीस वर्षं धंदा केलेल्या माणसाला नाही.

*

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी डिस्क लावली, दिसेना. केबल काढून घातली, कम्प्युटर रिस्टार्ट केला. शेवटी पोर्टात टॉर्च मारला तर आत लालभडक. आयुधपूजेला अप्पांनी प्रत्येक भोकात कुंकू भरलेलं.

"आत कामून घातलं?"

"वरचं पुसून जातंय की."

*

पुढच्या पोर्टात डिस्क नुसती टकटक करायची. मागच्यात लगेच दिसायची. पुढं करंट कमी पडतो, हे मी चारदा सांगितलं. अप्पा म्हणाले, "पाहुण्याला मागच्या दारानं कुणी घरात घेतंय का?"

मी कम्प्युटरचा डबाच उलटा फिरवून ठेवला, मागची बाजू पुढं.

दुसऱ्या दिवशी अप्पा गिऱ्हाइकाला सांगत होते, "आमचा पोरगा उगं मागनं लाव म्हणायलाय. बघा, पुढनंच चाललं."

*

खटकचिंचोळीचे एक काका पुतण्याची फोटोंची डिस्क घेऊन आले. पुतण्या पुण्यात, त्याचा कम्प्युटर वेगळ्या कंपनीचा. आमच्यावर ती उघडेना. मी म्हणालो, "काका, हिची लिहायची पद्धत वेगळी आहे. आपल्याला वाचता येत नाही."

काका म्हणाले, "मी दुकानात मराठी बोलतो, कन्नड बोलतो, उर्दू बोलतो. एवढं महागाचं कम्प्युटर, ह्याला एकच येतंय?"

दीड वर्ष कॉलेजात गेलं. एवढा चांगला प्रश्न तिथं एकाही मास्तरनं विचारला नाही.

*

ती डिस्क वाचणारं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर आणायला मी शेजारच्या सायबर कॅफेत गेलो. परत आलो तर डिस्क उघडलेली, पण रिकामी.

"फॉरमॅट करू का म्हणून इचारलं त्यानं," अप्पा म्हणाले. "व्हय म्हणलो."

"अहो, सगळं जाईल असं पण सांगतं ते!"

"सांगितलं की. परत इचारलं, परत व्हय म्हणलो."

पुसलेले फोटो परत मिळवायला तीन दिवस लागले. सगळे आलेच नाहीत. मी काकांच्या समोरच अप्पांना नको ते बोललो. मागे घेणार नाही.

*

मग चिंताकीच्या एका मुलीचं लग्न झालं. अल्बमचे फोटो निवडायला तिचे वडील संध्याकाळी येणार, आणि सकाळी काळी डिस्क दिसेना. पोर्ट साफ होता, करंट होता. केबल हलवली की दिवा लागायचा, सोडली की जायचा. त्या चपट्या तोंडाची केबल हुमनाबादेत मिळाली नाही, म्हणून कलबुर्गीला गेलो.

केबल घेऊन परतीच्या बसमध्ये बसलो तोच अप्पांचा फोन.

"अरे, डिस्कचा दिवा आपोआप लागलाय. कम्प्युटर काय तरी इचारायलंय."

"काय विचारतंय?"

"फॉरमॅट करू का म्हणून."

हात लावू नका, म्हणून मी ओरडलो. पण रेंज गेली होती. किती ऐकू गेलं कुणास ठाऊक. नंतर लावला तर फोन उचलेनात.

हुमनाबादला उतरून पळतच दुकानात शिरलो. स्क्रीनवर तोच प्रश्न तसाच उभा. फोन टेबलावर. बाजूला चहा, वर साय धरलेली. अप्पा खुर्चीत ताठ, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून.

मी प्रश्न बंद केला, जुनी केबल काढली, नवी लावली. टुंग वाजलं. चिंताकीच्या मुलीची हळद स्क्रीनवर उघडली.

अप्पा स्क्रीनकडं बघतच म्हणाले, "आता काढू का हात?"